रुंद चाकांची हळद

पियुषची गाडी किशोरच्या गॅरेजात आली तेव्हा ती एक सभ्य, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार होती. सभ्य म्हणजे तिचा आवाज फक्त पलीकडच्या गल्लीपर्यंत जायचा. आमचं घर आणि हे गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अमरावतीत बडनेरा रोडला गॅरेजच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने दुपारच्या झोपेची आशा धरू नये. मी निवृत्त झाल्यावर ती आशा सोडली आणि भिंतीच्या त्या अंगाला खुर्ची टाकून बसू लागलो. निदान आवाज कशाचा येतोय हे तरी दिसतं.

पियुषला जुन्या चाकांच्या जागी दीडपट रुंद चाकं हवी होती. कशाला, हे विचारायची सोय नव्हती. त्याच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, एकदाच विचारलं होतं. तेल्हाऱ्याच्या काळ्या जमिनीत त्यांची हयात गेलेली. रुंद चाक म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहतो. "नांगरायचं हाये का?" एवढंच ते म्हणाले, आणि पोरगं जेवण टाकून उठलं.

रुंद चाक गाडीत मावत नाही. चाकावरची पत्र्याची जी कमान असते, गॅरेजवाले जिला फेंडर म्हणतात, तिला टायर घासतं. किशोरने आधी ब्लोअरने पत्रा तापवून कमानीची आतली कड दुमडून पाहिली. तरी घासलं. मग त्याचा भागीदार डोमाजी याने ग्राइंडर चालवून चारही कमानी कापल्या आणि बाहेरून रुंद पत्रा वेल्ड केला. त्यावर पियुषला गाडी जमिनीलगत हवी झाली. स्प्रिंगा बदलल्या, धक्के झेलणारे शॉकप आखूड घातले. गाडी इतकी खाली बसली की गॅरेजातल्या मांजरीला तिच्याखालून जाता येईना. ती गाडीकडे लांबून, सासुरवाडीच्या माणसाकडे बघावं तशी बघायची.

"पाण्यात बसलेल्या म्हशीवानी दिसून राहिली," डोमाजी म्हणाला.

"डोमाजीकाका, याले स्टान्स म्हणतात," पियुषने सांगितलं.

"म्हशीलेही असते थे."

आता किशोरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. चाक बसवताना गाडी जॅकवर असते, तेव्हा चाकाचे नट नुसते हाताने फिरवून बसवायचे. गाडी जमिनीवर उतरली, तिचं वजन चाकांवर आलं, की मग मोठ्या पान्याने ते समोरासमोरचे असे करत कसायचे. आणि जो नट कसला गेला त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ज्याने कसला त्याने ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की दुसऱ्याने विचारायचं नाही. या ठिपक्यावर हे गॅरेज इतकी वर्षं चाललं आणि त्या दोघांचं कधी भांडण झालं नाही.

त्या दिवशी सकाळी गाडी जॅकवरून उतरली आणि त्याच वेळी पियुषची आई मैनाबाई पूजेचं ताट घेऊन दारात उभी राहिली. तिला गाडीतून अकोल्याला जायचं होतं, जुन्या शहरात बहिणीकडे. पण पूजा झाल्याशिवाय नवीन चाक रस्त्याला लागू देणारी ती बाई नव्हे.

"तेलाचे हात घेऊन पूजेत उभं नका राहू, बाबू," तिने किशोरला बजावलं. "डोमाजी, तुमीही. साबणानं धुवा."

दोघं मागच्या नळावर गेले. आधी किशोर गेला, थोड्या वेळाने डोमाजी, आणि परतलेही त्याच क्रमाने. साबण एकच, आणि तेल अनेक वर्षांचं.

मी पोचलो तो नारळ फोडायला. वयाने मोठा माणूस लागतो म्हणून मला हाक आली होती. चारही चाकांखाली लिंबं ठेवलेली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मी नारळ फोडला. तो पहिल्याच फटक्यात फुटला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एवढा आदर मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

किशोरची बायको हर्षा पिशवी घेऊन बसला निघाली होती. तिचं माहेर अकोल्यातच, मोर्णा नदीच्या पलीकडे. वडील बुधाजी भाजी विकतात. किशोर म्हणाला, "बसनं काहून जाऊन राहिली? काकू चाल्ल्याच हायेत. बस मांगं." आणि त्याने स्वतः पुढची सीट वाकवून तिला मागच्या फटीत बसवलं. त्या गाडीत मागे जागा अशी नव्हतीच, जागेची आठवण होती. हर्षा गुडघे हनुवटीला लावून बसली.

आतली आसनं पांढऱ्याशुभ्र कातड्याची. पियुषने मान वळवून काळजीने विचारलं, "वहिनी, तुमाले प्रवासात उलटी-बिलटी त होत नाई न?"

"अजून त नाई," हर्षा म्हणाली.

मैनाबाईने पुढे बसताबसता पोराच्या हातातला फोन काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. "गाडी चालवतानी फोन नाई. उगाच जीव जाईन एखाद्याचा."

लिंबं फुटली. आवाज झाला. गाडी गेली, आणि बऱ्याच वेळाने आवाजही गेला.

त्यानंतर एक ऑटो आला. डोमाजीने त्याचं चाक बदललं, नट कसले आणि ठिपका द्यायला रंगाची डबी उचलली. झाकण निघेना. पेचकसाने उचकटलं तर आतला रंग खडी होऊन बसलेला.

"किशोर, हे त वाळून दगड झाली. नवीन नाई आणली का?"

"असं कसं? सकाळी त लावला न तुमी."

"मी? मी कुठी लावला? मी आलो तवा चारी चाकायले ठिपके होते. मले वाटलं तू कसले."

"मी आलो तवाच होते," किशोर म्हणाला.

मी पेपर खाली ठेवला. ऑटोवाला उगाच इकडून तिकडे बघत होता. किशोर गाडी उभी होती त्या जागेवर गेला. फरशीवर चार फुटकी लिंबं होती आणि प्रत्येक लिंबाशेजारी थोडी पिवळी पूड सांडलेली. तो उकिडवा बसला. त्याने बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं.

"हळद हाये," तो म्हणाला.

मैनाबाई हे काम मनापासून करणारी. चाकाला हळद लावायची म्हणजे चाकाच्या नटा-नटाला. कुंकवाचा डाग नव्या रिमवर बसेल म्हणून पोराने नको म्हटलं असणार. हळद धुतली की जाते. वीस नटांवर वीस ठिपके, एकसारखे, टपोरे. किशोरचे ठिपके इतके नीट कधीच नसत. तिथेच शंका यायला हवी होती.

वीसच्या वीस नट हाताने लावलेले होते. आणि आत हर्षा होती.

किशोरने पियुषला फोन लावला. वाजत राहिला. तो पर्समध्ये होता, आणि पियुषने मागच्याच महिन्यात सायलेन्सर असा बसवून घेतला होता की त्या गाडीत पर्समधला फोन सोडा, शेजारी बसलेली आईसुद्धा ऐकू येत नसे. मैनाबाईचा नंबर लावला. प्रवासात बॅटरी जाते म्हणून ती फोन बंद ठेवते. हर्षाला लावला. तो आमच्या मागेच, भिंतीवरच्या चार्जरला, गाणं म्हणू लागला.

किशोरने त्या फोनकडे पाहिलं. मग टूलबॉक्स उचलला, माझ्या हातात आपला फोन कोंबला आणि म्हणाला, "काका, चाला. तुमी फोन लावत राहा फक्त."

त्याची व्हॅन ही गिऱ्हाइकांना दाखवण्यासारखी वस्तू नाही. वेग वाढला की तिचं माझ्या बाजूचं दार आपोआप उघडतं. मी एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने फोन, आणि देवाचं नाव घ्यायला काही उरलं नाही. बडनेरा मागे पडलं. किशोरची नजर रस्त्यावर होती. त्याचे ओठ मात्र हलत होते.

"किशोर," मी म्हटलं, "हाताने लावलेले नट काय लगेच निघतात?"

"लगेच नाई निघत. म्हणूनच त भेव वाटून राहिलं." त्याने पुढचा ट्रक मागे टाकला. "गावात हळू चालते, तवर कळतही नाई. मोकळा रस्ता लागला, स्पीड आली, की चाक हलाले लागते. नट एक-एक मांगं सरकते. साधं चाक असतं त थोडं तग धरते. हे रुंद हाये, बाहेर निघेल हाये, सगळा जोर नटावर. मंग एकदाच..." तो थांबला. "चाक गाडीच्या पुढं निघून जाते, काका. आपल्या डोळ्यांदेखत. गाडी मांगून येते."

सांत्वन करणं हे वडीलधाऱ्या माणसाचं काम आहे असं मी समजतो. मी म्हणालो, "गाडी जमिनीलगतच आहे. पडली तरी फार उंचावरून पडणार नाही."

किशोरने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी सांत्वन करणं बंद केलं.

या अकोला रस्त्याला आम्ही वऱ्हाडी माणसांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. खड्ड्यांत कंबरडी मोडून घेतली, अर्ज केले, मोर्चे काढले. मीही एकदा बोलाचालीत या रस्त्याला काय काय म्हणालो होतो. आता तो गुळगुळीत झाला आहे, डोळा लागेल असा. आणि मी खिडकीतून त्या काळ्याशार रस्त्याकडे पाहत होतो आणि मनात एकच म्हणत होतो, एक खड्डा दे. एकच, मोठा, गाडी हळू करावी लागेल असा. सबंध रस्त्यात नव्हता.

लोणीला किशोरने चहाच्या टपरीसमोर व्हॅन थांबवली. इंजिन चालूच.

"निळी गाडी गेली का? बुटकी, चाकं बाहेर आलेली?"

"गेली न भाऊ," टपरीवाला हौसेने सांगू लागला. "आंधी आवाज आला, मंग गाडी आली, मंग गाडी गेली आन आवाज इथीच राह्यला."

"चाकं? चाकं कशी होती?"

"चाकं कशी राहतात? फिरून राह्यली होती."

किशोरला एवढंही पुरलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर रंग परतला. पुढचे काही किलोमीटर तो स्वतःशी म्हणत होता, "फिरून राह्यली होती. लोणीपर्यंत फिरून राह्यली होती."

मी फोन लावत होतो. पियुष, मैनाबाई, पुन्हा पियुष. मधेच चुकून हर्षाचा लागला आणि डोमाजीने उचलला. "सापडली का?" मी म्हटलं नाही. तो रडतोय की धापा टाकतोय ते कळेना. म्हणाला, "मी दुकान बंद केलं. मले पाना हातात धरवून नाई राह्यला."

रस्त्याच्या कडेला काळं काहीतरी पडलेलं दिसलं. किशोरने असा ब्रेक मारला की दार माझ्या हातातून सुटलं. तो उतरून धावला. रबराची लांब साल होती, वळलेली, कुठल्याशा टायरची. त्याने ती उचलून उलटी केली, सुलटी केली, तिची रुंदी वितीने मोजली.

"ट्रकची हाये," तो म्हणाला आणि ती साल त्याने छातीशी धरली. जाणाऱ्या एका दुचाकीवरच्या बाईने आमच्याकडे वळून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती टाकली.

मूर्तिजापूर अजून यायचं होतं. कपाशीचा ट्रॅक्टर कडेला लावलेला, मोटारसायकली आडव्यातिडव्या, एक ट्रकही थांबलेला, आणि माणसांचा घोळका. सगळ्यांचे हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन होता. आपल्याकडे माणसं रस्त्यात जमून फोन वर धरतात ते कशासाठी, हे मला सांगायला नको.

किशोरने व्हॅन बरीच अलीकडे थांबवली. चावी फिरवली. हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"काका," तो म्हणाला, "तुमी पाहून या."

मी उतरलो.  आयुष्यभर मी पुष्कळ गोष्टींची चेष्टा केली, त्या सगळ्या रांगेने उभ्या राहून आता माझ्याकडे पाहत होत्या. माणसांच्या पायांमधून निळा पत्रा दिसला. मग मागचं चाक दिसलं. चाक जाग्यावर होतं, पण किंचित तिरपं, मान कलती करून ऐकणाऱ्या माणसासारखं. आणि त्याच्या खाली, रबराला चिकटून, एक चप्पल होती. हिरव्या पट्ट्याची. सकाळी हर्षा पुढची सीट वाकवून आत शिरली, तेव्हा शेवटी आत गेली ती हीच चप्पल.

मला मागे वळून किशोरकडे पाहायचं धैर्य झालं नाही.

"ए भाऊ! सेल्फी लांबून काढ. चाकाले हात लावला त पाह्य!"

आवाज हर्षाचा होता. ती गाडीच्या पलीकडे अनवाणी उभी होती, पदर खोचून. गाडी सरकू नये म्हणून दुसरी चप्पल तिने चाकाच्या पुढच्या बाजूला ठोकून बसवली होती. "उटी लावली," ती मला पाहून म्हणाली, जणू मी रोज त्या ठिकाणी फिरायला येतो. "दगड सापडत नव्हता. काका, हे कुठी हायेत?"

मी हात केला. किशोर धावत आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला. एवढ्या लोकांत बायकोला जवळ कसं घ्यायचं हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती घट्ट धरून उभा राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मले काय विचारता? मी त्या चाकावरच बसली होती. लोणीच्या पुढं बुडाखाली धडक-धडक लागाले लागलं. पियुषले म्हटलं थांब. थो म्हणते, वहिनी, सस्पेन्शन हार्ड हाये, रोडचा फील येते."

"येतेच," पियुष पुटपुटला. तो गाडीच्या सावलीत बसला होता. पोराचा चेहरा त्याच्या आसनांच्या रंगाचा झाला होता.

"दुसऱ्यांदा म्हटलं. त त्यानं गाणं मोठं केलं. मंग मी त्याच्या कानापाशी जाऊन ओरडली, मले उलटी होऊन राहिली."

"आन?"

"आन काय? गाडी अशी थांबली का काकूचं डोकं काचेपर्यंत जाऊन आलं. आख्ख्या रस्त्यात मले एकच खात्रीची गोष्ट मालूम होती, थे पांढरं कातडं." तिने मूठ उघडली. आत एक नट होता. "बाहेर येऊन चाकाले हात लावला त हे डबीच्या झाकणासारखं हातात आलं. पाचातले दोन त पहिलेच पडून गेल्ते. तुमचा रंग वला होता का? माह्या बोटाले लागला."

किशोर पुढे झाला. त्याने नट घेतला. त्याच्या कडा झिजून चमकत होत्या आणि एका अंगाला अजून हळद होती.

मैनाबाई कडुलिंबाखाली बसून गर्दीतल्या बायकांना बहिणीसाठी आणलेले पेढे वाटत होती. किशोर तिच्यापुढे गेला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "काकू, चूक माही हाये. नट कसलेच नव्हते. तुमची हळद पाहून मले वाटलं कसले. मी हात लावून पाहाले पाहिजे होतं."

मैनाबाईने त्याच्याकडे वर पाहिलं. तिला हे ऐकून अजिबात धक्का बसला नाही.

"म्हणजे नट ढिल्ले होते?"

"हो."

"आन तरी इथवर आलो?"

किशोरने मान हलवली.

"मंग पाह्य बापा, हळद नसती लावली त काय झालं असतं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.

 

किशोरने जॅक लावला. हर्षाच्या मुठीतला झिजलेला नट बाजूला ठेवला तर मागच्या चाकाला तीन नट कमी पडत होते. बाकी तिन्ही चाकांचा एकेक काढला आणि हिशेब बसवला. गाडी खाली घेतली. मग कसायची वेळ आली तर पाना त्याच्या हातात नाचू लागला. नटावर बसेना. गर्दीतलं कोणीतरी हसलं. हर्षा पुढे झाली, तिने पान्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून एकेक नट कसला. प्रत्येक नटानंतर किशोर विचारायचा, "झाला?" आणि ती म्हणायची, "झाला." ठिपका द्यायला रंग नव्हता. हळद ताटात उरली होती, पण ती कोणी मागितली नाही.

तिथून अकोल्यापर्यंत पियुषने गाडी अशी चालवली की कपाशीचा तोच ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून स्पोर्ट्‌स कारकडे पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते असो. आम्ही मागून व्हॅनमध्ये होतो. हर्षा पुढे किशोरशेजारी बसली होती, अनवाणीच, कारण चपला चाकाने खाल्ल्या होत्या. ती समोरच्या चाकावरची नजर काढत नव्हती.

"सरळ फिरून राह्यलं न?" किशोर विचारी.

"हो."

थोड्या वेळाने पुन्हा, "सरळ?"

"हो म्हटलं न."

मोर्णेच्या पुलापलीकडे जुन्या शहरातल्या गल्लीत ती गाडी शिरलीच नाही. डोमाजीने वेल्ड केलेले फेंडर दोन्ही भिंतींना लागत होते. पियुष गाडीपाशी थांबला आणि मैनाबाई पायी बहिणीकडे गेली.

बुधाजींनी आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर ठेचा. "प्रवास कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"चांगला झाला," हर्षा म्हणाली.

किशोरने एक घास घेतला आणि उठला. "व्हॅन पाहून येतो." गेला, आला, बसला. म्हातारे बुधाजी भाकर वाढायला वाकले तोवर तो पुन्हा उठला होता.

"कसले हायेत न?" हर्षाने विचारलं.

"हायेत."

"मंग जेवा न."

तो बसला. एक घास गेला, दुसरा हातात राहिला. त्याचे डोळे दाराकडे लागले होते. आता तो तिसऱ्यांदा उठणार, हे मला दिसत होतं, आणि सासुरवाडीत माणसाची शोभा होऊ नये असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, "तू जेव. मी पाहून येतो."

बाहेर ऊन होतं. मी व्हॅनभोवती फिरलो, वाकलो आणि चारही चाकांच्या प्रत्येक नटाला बोट लावलं. मला नटातलं काही कळत नाही. तरी लावलं. आत आलो, हात धुतले, पाटावर बसलो. भाकर गार झाली होती.

आणि मला आठवेना, मागच्या डाव्या चाकाचा शेवटचा नट मी पाहिला होता की नाही.